१९६६ ची मस्टँग कूपे घेताना: आधी पत्रा, मग इंजिन

न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणाऱ्या एका वाचकाला १९६६ ची फोर्ड मस्टँग कूपे (दोन दारांची, पक्क्या छताची गाडी) घ्यायची आहे आणि त्याच्यासमोर दोन गाड्या आहेत. पहिली त्याच्या घराजवळचीच, व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची, नुकताच लाल रंग मारलेली. दुसरी ॲरिझोनातली, सहा सिलिंडरची. तिचा रंग उन्हाने उडालेला आहे, सीटा फाटल्या आहेत, आणि ट्रकवरून आणण्याचा खर्च धरूनही ती पहिलीपेक्षा स्वस्त पडते. गाडी शनिवार-रविवारी आणि अधूनमधून कामावर जाताना चालवायची, कधी दोन्ही मुलांना घेऊन फिरायला जायचे, असा त्याचा बेत आहे. यातली कोणती घ्यावी आणि घेतल्यावर आधी काय करावे, असे त्याने विचारले आहे.

मी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षे याच काळातल्या अमेरिकन गाड्यांची दुरुस्ती करतो आहे आणि यातली एक स्वतः वापरतो. तुम्ही ॲरिझोनाची गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती पुढे लिहिलेल्या तपासणीला उतरली पाहिजे. लाल गाडी वाईटच असेल असे मी म्हणत नाही. पण हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वाढलेल्या गाडीला विक्रीच्या तोंडावर रंग दिला जातो, तेव्हा त्या रंगाखाली काय आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी विक्रेत्याची असते. तो ती घेत नसेल, तर तुम्ही पैसे काढू नयेत.

याचे कारण या गाडीच्या बांधणीत आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांपुढे आली, तेव्हा तिच्या आकर्षक अंगाखाली फोर्डच्या फाल्कन या साध्या कुटुंबाच्या गाडीचेच भाग होते. त्या काळच्या बहुतेक मोठ्या अमेरिकन गाड्यांना खाली स्वतंत्र चासी असे आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असे. मस्टँगला वेगळी चासी नाही. फरशी, दोन्ही बाजूंचे दारांखालचे उंबरे, पुढचे दोन लांबट रेल आणि काचेखालचा आडवा डबा हे सगळे पत्र्याचे भाग एकमेकांना जोडून जो पिंजरा तयार होतो, तीच तिची चासी. इंजिन एका दिवसात बाहेर काढता येते, त्याचा प्रत्येक भाग आजही नवा मिळतो आणि ते खोलून बांधणारे कारागीर गावोगावी आहेत. सडलेला पिंजरा सरळ करून, मापात ठेवून पुन्हा वेल्ड करणारे फार थोडे आहेत, आणि त्यांचे बिल बहुतेक वेळा संपूर्ण गाडीच्या किमतीला गाठते. म्हणून या गाडीत आधी पत्रा पाहायचा आणि मग इंजिन.

पत्र्यात सर्वांत आधी पाहायची जागा म्हणजे काउल. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला फटींची एक जाळी दिसते. तिच्या खाली गाडीच्या रुंदीएवढा बंद डबा आहे. पावसाचे पाणी जाळीतून त्या डब्यात पडते आणि दोन्ही टोकांनी, पुढच्या मडगार्डच्या मागून, जमिनीवर निघून जाते. डब्याच्या तळाला दोन गोल भोके आहेत, एक हीटरसाठी आणि एक ताज्या हवेसाठी. पाणी आत येऊ नये म्हणून त्या भोकांभोवती पत्र्याच्या उभ्या कडा वळवलेल्या आहेत. साठ वर्षांची पाने, धूळ आणि ओल नेमकी या कडांच्या पायाशी साचते. तिथला पत्रा खालून कुजत जातो आणि वरून काहीही दिसत नाही. पुढे पाणी गालिच्यावर पडू लागते, गालिच्याखालची फरशी कायम ओली राहते, आणि मालक पाच-सहा वर्षांनी फरशीला ठिगळ लावतो. मूळ कारण मात्र तसेच राहते.

याची तपासणी सोपी आहे. पुढचा गालिचा मागे सारा. डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन पाठीवर झोपा आणि बरोबर आलेल्या माणसाला जाळीत बादलीभर पाणी हळूहळू ओतायला सांगा, आधी हीटरच्या बाजूला आणि मग ड्रायव्हरच्या बाजूला. सगळे पाणी पुढच्या चाकांच्या मागे जमिनीवर पडले पाहिजे. हीटरच्या डब्यावरून किंवा हवेच्या झडपेच्या कडेने एक थेंबही आत आला, तर काउल गेलेले आहे असे समजा. विक्रेता पाणी ओतू देत नसेल, तर तेही उत्तरच समजावे. बाजारात या भोकांवर आतून चिकटवायच्या प्लॅस्टिकच्या वाट्या मिळतात आणि अनेक गाड्यांमध्ये सीलंटचा जाड थर देऊन त्या बसवलेल्या असतात. गळती त्याने काही काळ थांबते, गंज थांबत नाही. खरी दुरुस्ती म्हणजे बॉनेट, दोन्ही मडगार्ड आणि पुढची काच काढायची, वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे, खालचा पत्रा बदलायचा आणि सगळे पुन्हा होते तसे जोडायचे. हे काम मी आनंदाने करतो, पण ज्याला गाडी चालवायची आहे त्याने या कामापासून सुरुवात करू नये.

काउलनंतर बॅटरीखालची जागा. या गाडीत बॅटरी इंजिनाच्या खोलीत पुढे उजवीकडे असते. तिचे ॲसिड झिरपून खालचा पत्रा आणि त्याखालचा रेल दोन्ही खाल्ले जातात, त्यामुळे बॅटरीचा ट्रे नवा दिसला तरी त्याच्या खाली बोटाने चाचपून पाहा. मागे डिकीतली चटई उचला. या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीच्या फरशीचा मधला भाग असतो. टाकीच्या दोन्ही बाजूंना जे खोल कप्पे आहेत त्यांत पाणी साचते आणि ते तळातून जातात. मागच्या चाकांच्या कमानी, मडगार्डचे खालचे टोक आणि दाराची खालची कड यांवरून पातळ कापडात गुंडाळलेले छोटे लोहचुंबक फिरवा. एखाद्या ठिकाणी चुंबक धरेनासे झाले, तर तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. एक-दोन ठिकाणी पातळ पुट्टी असणे या वयाच्या गाडीत स्वाभाविक आहे. पण हातभर पट्ट्यात चुंबक सुटत असेल, तर आत छिद्रावर जाळी लावून वर लेप दिलेला असतो.

शेवटची पत्रा-चाचणी जॅकची. दार आणि मागचा पत्रा यांमधली फट आधी नीट पाहून ठेवा, मग पुढचे एक चाक जॅकने उचला आणि दार उघडून पुन्हा लावा. निरोगी गाडीत दार पूर्वीइतकेच सहज बसते. फट वरच्या बाजूला मिटली किंवा दार खटक्यावर चढायला लागले, तर उंबरे आणि फरशी यांनी जोर सोडलेला आहे. नवा रंग दिलेल्या गाडीत हे पाहणे विशेष महत्त्वाचे, कारण वरून तिच्यात दुसरे काही सांगण्यासारखे उरलेले नसते.

आता सहा सिलिंडर की व्ही-८, याकडे येऊ. बहुतेकांना व्ही-८ हवी असते आणि तिचा आवाज ऐकला की मलाही कारण विचारावे लागत नाही. १९६६ मध्ये २८९ घन इंचांचे व्ही-८ इंजिन तीन प्रकारांत मिळत असे: दोन नळ्यांच्या कार्बोरेटरसह २०० अश्वशक्ती, चार नळ्यांच्या कार्बोरेटरसह २२५, आणि खास तयार केलेले २७१. सहा सिलिंडरचे २०० घन इंचांचे इंजिन १२० अश्वशक्तीचे होते. हे सगळे आकडे त्या काळच्या पद्धतीने, म्हणजे पंखा, सायलेन्सर वगैरे न लावता मोजलेले आहेत, त्यामुळे आजच्या आकड्यांशी त्यांची तुलना करू नये. सहा सिलिंडरची कूपे सुमारे २५०० पौंडांची, म्हणजे बरीच हलकी आहे. त्या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला आधार देणारी मेन बेअरिंग सात आहेत, बॉनेटखाली हात घालायला भरपूर जागा आहे, नाक हलके असल्यामुळे पॉवर नसलेले स्टिअरिंगही सुसह्य होते आणि पेट्रोल कमी लागते. तुमच्यासारख्या वापराला ते पुरेसे आहे. त्याचा कमकुवतपणा असा की इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोलचे मिश्रण सिलिंडरकडे नेणारी वाट) हेडमध्येच ओतलेले आहे, त्यामुळे पुढे ताकद वाढवण्याची हौस आली तर वाव फार थोडा आहे.

लाल गाडी मुळात व्ही-८ होती का, हे तपासणे सोपे आहे. गाडीचा क्रमांक डाव्या मडगार्डच्या आतल्या पत्र्याच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो. बॉनेट उघडले की मडगार्डमधल्या खाचेतून तो वाचता येतो. त्यातला पहिला ६ म्हणजे १९६६. दुसरे अक्षर कारखान्याचे: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होझे आणि टी म्हणजे मटचेन. पुढचे ०७ म्हणजे कूपे. ०८ कन्व्हर्टिबल (छत मागे पाडता येणारी) आणि ०९ फास्टबॅक (छत मागे उतरत जाणारी). पाचवे चिन्ह इंजिनाचे: टी म्हणजे सहा सिलिंडर, सी, ए आणि के हे अनुक्रमे व्ही-८ चे वर सांगितलेले तीन प्रकार. हा संपूर्ण क्रमांक ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीशी आणि मालकीच्या कागदाशी अक्षरशः जुळला पाहिजे. एक गोष्ट तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. मटचेनचा तो कारखाना प्रत्यक्षात एडिसनमध्येच, रूट १ वर होता आणि २००४ मध्ये बंद झाला. ज्या भागात आज इतकी मराठी कुटुंबे राहतात तिथेच या गाड्या तयार होत होत्या, त्यामुळे लाल गाडीचे दुसरे अक्षर टी निघाले तर ती अक्षरशः गावातली आहे.

पाचवे चिन्हही टी निघाले आणि बॉनेटखाली मात्र व्ही-८ असेल, तर इंजिन मागाहून टाकलेले आहे. ते पाप नाही, अनेकांनी केले आहे. प्रश्न त्याच्याबरोबर आणखी काय बदलले, एवढाच आहे. चाकाचे नट मोजा. सहा सिलिंडरच्या गाडीला प्रत्येक चाकाला चार नट आणि व्ही-८ ला पाच. मागच्या ॲक्सलकडे पाहा. सहा सिलिंडरच्या हलक्या ॲक्सलला मागून बोल्टचे झाकण असते. व्ही-८ च्या ८ इंची ॲक्सलची मागची बाजू बंद गोलाकार असते आणि त्याचा गोळा (डिफरन्शियल) पुढून काढावा लागतो. सहा सिलिंडरला ९ इंची ब्रेक ड्रम होते, व्ही-८ ला १० इंची. मोठे इंजिन टाकून चार नटांची चाके, हलके ॲक्सल आणि लहान ड्रम तसेच ठेवलेली गाडी चांगली पळते, पण थांबताना आणि ओढ देताना तिचा कोणताही भाग त्या इंजिनाच्या तोलाचा नसतो.

कूपेबद्दल थोडे. फास्टबॅकला आज जी किंमत येते ती कूपेला येत नाही, आणि त्याचे एक कारण संख्या आहे. १९६६ या एका वर्षात ६ लाखांहून अधिक मस्टँग तयार झाल्या आणि त्यांपैकी सुमारे ५ लाख कूपे होत्या. गुंतवणूक करणाऱ्याला ही उणीव वाटेल, चालवणाऱ्याला ती सोय आहे. मडगार्डपासून दाराच्या रबरापर्यंत सगळे नवे मिळते, जुने भागही सहज सापडतात, आणि पार्किंगमध्ये दाराला ओरखडा उठला तर मन खट्टू होते, पण गाडी वापरणे थांबत नाही.

गाडी घरी आल्यावर पहिला पैसा ब्रेकवर घालावा, आणि यावर मी अडून बसतो. १९६६ पर्यंत मस्टँगच्या मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या सिलिंडरला, एकच कप्पा होता. चारही चाकांचे ब्रेक ऑइल एकाच नळीवाटे जाते, त्यामुळे कुठल्याही एका चाकाचे सील फाटले किंवा मागची नळी गंजून फुटली, तर पेडल एकदम जमिनीला टेकते आणि चारही ब्रेक एकाच वेळी जातात. १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्प्यांचा सिलिंडर आला, ज्यात पुढची आणि मागची वाट वेगळी असते. तो सिलिंडर १९६६ च्या गाडीवर थोड्या नळ्या बदलून बसवता येतो आणि हे काम अनुभवी माणसाला दिवसभराचे आहे. त्याच वेळी तिन्ही रबरी होज बदलून घ्या. जुना होज बाहेरून धड दिसतो, पण आतून सुजलेला असतो, दाब परत सोडत नाही, आणि ते चाक घासत राहते. पुढे डिस्क ब्रेक बसवणे उत्तमच, परंतु लोक आधी चमकदार डिस्क बसवतात आणि सिलिंडर एक कप्प्याचाच ठेवतात. हा क्रम उलटा आहे. नीट जुळवलेले ड्रम हलक्या गाडीला चांगले थांबवतात. वारंवार, उतारावर आणि पाण्यातून गेल्यावर त्यांच्यावर विसंबता येत नाही, एवढे ध्यानात ठेवून चालवायचे.

हँडब्रेक डॅशबोर्डखाली ओढायच्या मुठीचा आहे. मूठ पिळली की सुटतो. ब्रेक गेल्यास तीच मूठ पिळलेल्या अवस्थेत धरून बेताबेताने ओढायची, म्हणजे मागची चाके जाम न होता गाडी सावरता येते. मोकळ्या मैदानात हा सराव करून ठेवावा. अर्थात मुठीची तार मोकळी असेल आणि मागचे ब्रेक शू लागत असतील, तरच त्याचा उपयोग.

दुसरा पैसा सीटच्या पट्ट्यांवर आणि टाकीवर. १९६६ च्या गाडीत कमरेचे पट्टे आहेत, खांद्याचे नाहीत. या कूपेला दोन काचांच्या मधला खांब नसल्यामुळे छताची रेषा इतकी सुंदर दिसते, आणि त्याच कारणाने खांद्याचा पट्टा अडकवायला तयार जागा मिळत नाही. छताच्या कडेला आतून जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून मगच तो बसवावा. नुसत्या पातळ पत्र्यात बोल्ट आवळून लावलेला पट्टा दिलासा देतो, संरक्षण देत नाही. स्टिअरिंगचा दांडा एकसंध आहे आणि धडकेत तो आत दबत नाही, म्हणून खांद्याच्या पट्ट्याचे महत्त्व या गाडीत अधिक. टाकीबद्दल वर लिहिलेच आहे: मागून जोराची धडक बसली तर पेट्रोल आणि मागची सीट यांमध्ये फक्त एक पुठ्ठा असतो. तिथे पोलादी पत्र्याचा पडदा बसवून कडा सील करून घ्याव्यात. हे काम स्वस्त आहे, दिसत नाही, आणि कोणीही त्याचे कौतुक करणार नाही.

मुलांना मागे बसवण्याबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित रुचणार नाही. मागच्या सीटला डोक्याचा आधार नाही, मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायला हुक नाही, आणि पुढच्या सीटची पाठ रोखायला खटका नाही, त्यामुळे ब्रेक दाबताच मोकळ्या सीटची पाठ पुढे पडते. मुले मोठी असतील, मागेही खांद्याचे पट्टे बसवले असतील आणि रस्ता गावातला, कमी वेगाचा असेल, तर आइस्क्रीम खायला जरूर न्यावे. टर्नपाइकसारख्या जलद महामार्गावर, ट्रकांच्या मधून, मुलांना घेऊन मात्र या गाडीने जाऊ नये.

इंजिनाच्या बाजूला तीन गोष्टी तुम्हाला वारंवार भेटतील. पहिली म्हणजे आजचे पेट्रोल. त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर मऊ करते आणि हवेतली ओल धरते. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबर इथेनॉल सोसणाऱ्या नव्या होजचे करून घ्यावे, आणि हे शोभेचे काम नाही, कारण पंपाजवळ चिरलेला होज थेट गरम इंजिनावर गळतो. दुसरी म्हणजे तापणे. पाण्याच्या वाटांत साठ वर्षांचा गंज बसलेला असतो. रेडिएटर आणि ब्लॉक धुऊन काढल्याशिवाय मोठा पंखा वगैरे घेण्याची घाई करू नये. तिसरी म्हणजे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा डिस्ट्रिब्युटरमधला स्विच. ते काढून त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावायला माझी हरकत नाही. मात्र डॅशबोर्डमागून कॉइलपर्यंत (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग) येणारी मूळची गुलाबी तार ही साधी तार नसून रेझिस्टन्सची आहे. इंजिन चालू असताना ती कॉइलला पूर्ण १२ व्होल्ट पोहोचू देत नाही. मॉड्यूलला त्याच तारेवरून वीज दिली, तर गाडी सुरू होते, गावात चालते आणि गरम झाल्यावर सिग्नलला मिस मारून बंद पडते. मग लोक कार्बोरेटर बदलतात, पंप बदलतात. मॉड्यूलला चावीच्या स्विचकडून स्वतंत्र पूर्ण दाबाची तार द्यावी, म्हणजे हा सगळा खर्च टळतो. गाडीत ऑटोमॅटिक सी-४ गिअर असेल आणि सायलेन्सरमधून अचानक पांढरा धूर येऊ लागला, तर इंजिन गेले असे समजून घाबरू नका. गिअरबॉक्सच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरचा पडदा फाटला की गिअरचे ऑइल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढले जाते. नळी मॉड्युलेटरकडून काढून पाहा. ती ऑइलने ओली असेल तर दोष तिथेच आहे आणि भाग स्वस्त आहे.

मूळ हेडलाइट स्विचमधून सगळी वीज जाते, म्हणून जास्त तेजाचे दिवे लावायचे तर रिले बसवून लावावेत. मागचे दिवे लहान आहेत आणि ब्रेकचा लाल दिवाच वळणाचा दिवा म्हणूनही वापरला जातो, त्यामुळे मागे उजळ एलईडी आणि मागच्या काचेशी आणखी एक ब्रेकचा दिवा लावावा असा माझा आग्रह आहे. तुमच्या मागची गाडी तुमच्यापेक्षा फार लवकर थांबते, पण तिच्या चालकाला तुमचा ब्रेक दिसला पाहिजे.

चालवण्याविषयी. सकाळी सुरू करताना ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा म्हणजे चोक मिटतो, मग चावी फिरवा, आणि लगेच निघून हळू चालवत गाडी तापवा. ऑटोमॅटिकमध्ये १९६६ च्या दर्शकावर दोन ठिपके दिसतील. मोठ्या हिरव्या ठिपक्यावर ठेवले की गाडी पहिल्या गिअरपासून निघते. लहान ठिपक्यावर ती दुसऱ्यात निघते, ती बर्फाची सोय होती. नव्या मालकांना अनेकदा गाडी मरगळलेली वाटते, कारण त्यांनी लहान ठिपका निवडलेला असतो. हाताच्या गिअरची सहा सिलिंडरची गाडी असेल, तर तिच्या तीन गिअरपैकी पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर सहज बसवणारी रचना) नाही, म्हणून पहिला गिअर पूर्ण थांबल्यावरच टाकावा. स्टिअरिंगमध्ये सरळ जाताना थोडा रिकामा खेळ असतोच. तो संपून वळण टायरपर्यंत पोहोचायच्या आत तुम्ही दुसरीकडे ओढायला गेलात तर गाडी लेनमध्ये डुलत राहते. हलक्या हाताने धरावे, लांब पाहावे, आणि रेडियल टायर बसवले असतील तर अलाइनमेंट जुन्या पुस्तकाप्रमाणे न करता कॅस्टर (गाडी सरळ धरणारा पुढच्या चाकांचा कल) २ ते ३ अंश धन ठेवून घ्यावे. एवढ्यानेच हायवेवर फार फरक पडतो. टायरवर नक्षी भरपूर असली तरी बाजूचे शेवटचे चार अंक वाचा. ते तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, आणि उन्हात उभ्या गाडीचे दहा वर्षांचे टायर घरी आणल्यावर लगेच बदलायचे असतात.

पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट ठेवा. कोणी त्या जागेत घुसले तर घुसू द्या, पुन्हा अंतर घ्या. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ड्रम ओले होतात आणि पहिला ब्रेक एकतर लागत नाही किंवा एका बाजूला ओढतो. पाण्यातून बाहेर येताच डाव्या पायाने पेडल हलके दाबून थोडे अंतर चालवले की ते वाळतात. हायवेवर ६० ते ६५ मैलांचा वेग या गाडीला सोयीचा आहे. इंजिन त्यापुढे जाईल, पण ब्रेक आणि स्टिअरिंग त्याची साथ देत नाहीत. या गाडीची मजा तशीही त्याहून कमी वेगात आहे. डेलावेअर नदीच्या काठाने जाणारे जुने दुपदरी रस्ते, काचा खाली केलेल्या, मधला खांब नसल्यामुळे एका बाजूने पूर्ण उघडी गाडी, आणि समोर ते लांब बॉनेट. मला त्यासाठी एवढा व्याप रास्त वाटतो.

न्यू जर्सीत २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबर प्लेट मिळते, पण ती प्रदर्शन आणि तत्सम वापरासाठी आहे. तुम्ही अधूनमधून कामावर नेणार आहात, म्हणून साधी नोंदणीच करावी. विमा घेताना आधीच ठरवलेल्या किमतीची पॉलिसी मागा. नेहमीच्या पॉलिसीत घसारा धरला जातो आणि दाव्याच्या वेळी साठ वर्षांच्या गाडीला भंगाराचा भाव मिळतो. अशा पॉलिसींना बंद गॅरेज आणि रोजच्या वापराची दुसरी गाडी या अटी बहुधा असतात, आणि कामावर नेण्याला मर्यादा असते, म्हणून तो मुद्दा लेखी विचारून घ्यावा. हिवाळ्यात पहिल्यांदा मीठ पडल्यावर गाडी आत ठेवायची आणि वसंतातल्या दोन-तीन मोठ्या पावसांनी रस्ते धुतल्यावरच बाहेर काढायची. ठेवताना टाकी भरलेली, पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घालून इंजिन थोडे चालवलेले, बॅटरी चार्जरवर. आठवड्याला पाच मिनिटे जागेवरच सुरू करून ठेवण्याची सवय नको. त्याने सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरते.

ॲरिझोनाची गाडी तुम्ही पाहायला जाणार नसाल, तर तिथल्या एखाद्या जुन्या गाड्यांच्या जाणकाराला पैसे देऊन पाठवा. काउलमध्ये पाणी ओतताना डॅशबोर्डखालचे चित्रीकरण, बॅटरीखालचा पत्रा, टाकीच्या दोन्ही बाजूंचे कप्पे, पुढचे रेल खालून, शॉकॲब्सॉर्बरचे वरचे मनोरे जिथे सस्पेन्शनचा हात बोल्टने धरलेला आहे तिथल्या भेगा, आणि मडगार्डखालचा क्रमांक दारावरच्या पट्टीसह, एवढे त्याच्याकडून मागून घ्या. कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा वाचतो, रबर वाचत नाही: काचांची आणि दारांची सगळी रबरे उन्हाने दगड झालेली असतील. ती नव्याने बसवेपर्यंत गाडी तुमच्याकडच्या पावसात उभी करू नका, नाहीतर साठ वर्षे सुकी राहिलेली फरशी पहिल्याच महिन्यात भिजेल. ट्रकवर चढवण्याआधी विक्रेत्याला टाकीत पाव भागापेक्षा कमी पेट्रोल ठेवायला सांगा, आणि मालकीचा मूळ कागद तुमच्या हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम पाठवू नका.